सर डेव्हिड वेदरॉल : थॅलेसेमियाचा उलगडा करणारे डॉक्टर

दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागणारे मूल ज्या घरात आहे, त्या घराला थॅलेसेमिया म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बाकीच्यांना मात्र त्याची फारशी माहिती नसते. हा आजार जगाला नीट समजला तो ज्यांच्यामुळे, त्यांत ब्रिटिश डॉक्टर सर डेव्हिड वेदरॉल यांचे नाव मोठे आहे. त्यांच्या कामाची ही ओळख.

सुरुवात
वेदरॉल यांचा जन्म 1933 साली लिव्हरपूलचा. तिथेच 1956 साली ते डॉक्टर झाले. सक्तीच्या लष्करी सेवेत त्यांना सिंगापूरला पाठवण्यात आले. तिथे एका नेपाळी गुरखा सैनिकाची लहान मुलगी केवळ रक्त चढवून जगत होती. तिला थॅलेसेमिया असल्याचे त्यांनी शोधून काढले. तोवर हा आजार मुख्यतः भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचा समजला जाई. 1960 साली त्यांनी हे छापून आणले, तेव्हा परवानगी घेतली नाही म्हणून लष्कराचे अधिकारी उलट त्यांच्यावरच नाराज झाले!

संशोधन
पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे त्यांनी जॉन क्लेग यांच्यासोबत काम केले. हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात. एक कमी तयार झाली की दुसरी उरते, साचते आणि लाल पेशी नासवते. या साखळ्या मोजण्याची पद्धत त्यांनी 1965 साली दिली. 1974 पासून ते ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. तिथे 1989 साली त्यांनी रेणवीय वैद्यकाची संस्था उभारली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. श्रीलंकेतील रुग्णांसाठीही त्यांनी बरीच वर्षे काम केले. 2010 साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. 2018 साली त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी काय?
आई आणि वडील दोघेही थॅलेसेमिया मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता 25 टक्के असते. मायनर माणूस स्वतः ठणठणीत असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. नात्यात लग्न झाले तर दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. इराणने 1997 पासून लग्नाआधी ही तपासणी सक्तीची केली आणि तिथे अशा बाळांचे जन्म खूप कमी झाले.

आपल्याकडे मूल आजारी निघाले की सुनेला बोल लावतात. पण थॅलेसेमिया मेजर एकट्या आईकडून येत नाही, दोन्हीकडून येतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच : रिश्ता पक्का करण्याआधी मुला-मुलीची हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करून घ्या. एकच जण मायनर निघाला, तर मुलांना मेजरची भीती नाही. त्यासाठी रिश्ता मोडू नका.