रॉबिन : बॅटमनच्या साथीदाराची कुळकथा



मराठी शाळेच्या मधल्या सुट्टीत एकदा आमच्या पोरांचा वाद रंगला होता : 'खरा रॉबिन कोण?' एक म्हणे डिक, दुसरी म्हणे टिम, तिसरा डेमियनशिवाय कुणाला मानायलाच तयार नाही. आम्ही पालक मध्यस्थी करायला गेलो आणि लक्षात आलं, की आम्हाला फक्त टीव्हीवरचा रॉबिन ठाऊक! मग शोधाशोध केली. इतर पालकांनाही उपयोग व्हावा म्हणून ती माहिती इथे एकत्र देत आहोत.

जन्म

बॅटमन प्रथम दिसला तो मे १९३९च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये, २७व्या अंकात. बॉब केन आणि बिल फिंगर हे त्याचे निर्माते. रात्री एकटाच फिरणारा हा नायक मनातलं बोलणार कुणाशी? होम्सला जसा वॉटसन, तसा बॅटमनलाही कुणीतरी हवा, असं फिंगर यांना वाटत होतं. शिवाय वाचक बहुतेक लहान मुलं. त्यांच्या वयाचं कुणीतरी गोष्टीत असलं तर बरंच. म्हणून एप्रिल १९४०च्या ३८व्या अंकात रॉबिन आला. नाव सुचवलं तरुण चित्रकार जेरी रॉबिन्सन यांनी, आणि तेही रॉबिन हूडवरून. पक्ष्याशी संबंध नंतर जोडला गेला.

हा पहिला रॉबिन म्हणजे डिक ग्रेसन, सर्कशीत झुल्यावर कसरती करणाऱ्या जोडप्याचा मुलगा. सर्कसच्या मालकाने खंडणी नाकारली, गुंडांनी दोर निकामी केले आणि डिकच्या डोळ्यांदेखत आई-वडील पडून गेले. ब्रूस वेन, म्हणजे बॅटमन, लहानपणी असाच पोरका झालेला. त्याने डिकला घरी आणलं. अंकाचा खप चांगलाच वाढला आणि मग इतर नायकांनाही पोरगेले साथीदार मिळू लागले. १९४१ मध्ये कॅप्टन अमेरिकाबरोबर बकी आला, ग्रीन ॲरोबरोबर स्पीडी.

आक्षेप आणि टीव्ही

१९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, असा आरोप करणारं पुस्तक लिहिलं. त्यात बॅटमन-रॉबिनच्या नात्यावरही टीका होती. गदारोळ एवढा झाला, की प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर 'कॉमिक्स कोड' नावाची नियमावली लादून घेतली. पुढे १९६६ ते १९६८ या काळात टीव्ही मालिका गाजली. १२० भागांत ॲडम वेस्ट बॅटमन आणि बर्ट वॉर्ड रॉबिन! अनेकांच्या डोक्यात बसलेला रॉबिन तो हाच.

पोरगा मोठा होतो

कॉमिक्समधली पात्रं सहसा म्हातारी होत नाहीत. रॉबिन मात्र वाढला. १९६४ मध्ये तो इतर नायकांच्या साथीदारांबरोबर काम करू लागला. त्यातूनच पुढे 'टीन टायटन्स' ही टोळी झाली. डिसेंबर १९६९च्या 'बॅटमन'च्या अंकात डिक कॉलेजसाठी घर सोडतो आणि मोठ्या वाड्यात ब्रूस व आल्फ्रेड दोघेच उरतात. १९८४ मध्ये डिकने रॉबिन हे नाव सोडून 'नाइटविंग' हे स्वतःचं नाव घेतलं. मूळ कथेत हा निर्णय त्याचा होता. १९८७ मध्ये इतिहास नव्याने लिहिला गेला. त्यात जोकरची गोळी लागल्यावर बॅटमनच त्याला थांबवतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं, तर जुन्या फाइलवर नवी फाइल सेव्ह झाली!

पुढचे रॉबिन

* जेसन टॉड : १९८३ मध्ये आला, तेव्हा डिकसारखाच सर्कशीतला. १९८७ मध्ये त्याची कथा बदलली आणि तो बॅटमनच्या गाडीची चाकं चोरणारा रस्त्यावरचा मुलगा झाला. बऱ्याच वाचकांना तो आवडेना. १९८८ मध्ये प्रकाशकांनी दोन फोन नंबर छापले, एक तो जगावा म्हणून, दुसरा मरावा म्हणून. दर फोनला ५० सेंट. जगावा : ५,२७१, मरावा : ५,३४३. ७२ मतांनी एका मुलाचा जीव गेला! २००५ मध्ये तो 'रेड हूड' बनून परतला.

* टिम ड्रेक : १९८९. याला कुणी शोधलं नाही, त्यानेच बॅटमनला शोधलं. लहानपणी सर्कशीत पाहिलेली डिकची चौपट कोलांटी त्याने टीव्हीवर रॉबिनला मारताना पाहिली आणि कोडं सुटलं. जेसननंतर बॅटमन बेफिकीर झालाय, त्याला आवरायला रॉबिन हवाच, असं त्याचं म्हणणं.

* मुली : फ्रँक मिलर यांच्या १९८६च्या 'द डार्क नाइट रिटर्न्स'मध्ये कॅरी केली रॉबिन होते, पण ती कथा मूळ मालिकेबाहेरची. मूळ मालिकेत २००४ मध्ये स्टेफनी ब्राउन थोडे दिवस रॉबिन होती.

* डेमियन वेन : ब्रूसचा सख्खा मुलगा. मारेकऱ्यांच्या टोळीत वाढलेला, भलताच उद्धट! २००६ मध्ये कथेत आला आणि २००९ मध्ये रॉबिन झाला. त्या वेळी बॅटमनच्या पोशाखात होता डिक. म्हणजे पहिला रॉबिन आता दुसऱ्याच्या पोराला सांभाळत होता.

पालकांसाठी

लहान मुलांना १९६६ची मालिका खुशाल दाखवा. जेसनच्या मृत्यूची 'अ डेथ इन द फॅमिली' मात्र मोठ्या मुलांसाठीच, कारण जोकर त्या मुलाला पहारीने मारतो, आणि तेही चित्रांतून दिसतं. वाचून झाल्यावर 'तू कुठला नंबर फिरवला असतास?' एवढंच विचारा. आम्ही विचारून पाहिलं. दोन तास गेले, जेवणं थंड झाली.

आणि खरा रॉबिन कोण? पोरांनी आम्हालाही मत द्यायला लावलं. आम्ही डिकला दिलं. बाकी कशापेक्षा, तो कॉलेजला निघाल्यावर ब्रूसचं घर कसं झालं, हे आम्हाला आता कळू लागलंय म्हणून.