मोपा विमानतळ आणि पेडणे–डिचोलीतील नियोजित वसाहत

पेडणे तालुक्यातील मोपाच्या सड्यावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची. तत्पूर्वी पर्यावरण परवान्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये काम थांबविले होते. जानेवारी २०२० मध्ये ते पुन्हा सुरू करण्यास मुभा मिळाली. आता धारगळ येथून सहापदरी जोडरस्ता विमानतळापर्यंत जातो. कोकण रेल्वेचे पेडणे स्थानकही याच तालुक्यात. वाहतुकीची साधने आली, त्यांच्याभोवती वसणाऱ्या नगराचा सर्वमान्य आराखडा मात्र आलेला नाही.

२०२३ मध्ये पेडण्यासाठी विभागवार जमीन-वापराचा मसुदा काढण्यात आला. शेते, बागायती व डोंगरउतार वसाहत विभागात जाणार, या भीतीने ग्रामस्थांनी व स्थानिक आमदारांनीही त्याला विरोध केला आणि तो मागे घ्यावा लागला. मसुदा गेला तरी रूपांतरे थांबली नाहीत. नगरनियोजन कायद्यातील १७(२) या कलमाखाली प्रादेशिक आराखड्यातील ‘अनवधानाने राहिलेल्या चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाने एकेका भूखंडाचा विभाग बदलला जात होता. या कलमाखालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविले. असे सुटे बदल कितीही जमा केले तरी त्यांतून रस्ता, शाळा, मलनिस्सारण यांची संगती लागत नाही.

जमिनीचा प्रश्न याहून जुना आहे. पेडणे व डिचोली हे अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आलेल्या नव्या काबिजादीतील तालुके. येथे मोठे जमीनदार, मोकासे आणि कसणारी कुळे यांचे संबंध कूळ कायद्यानंतरही पूर्णतः सुटलेले नाहीत. डिचोलीतील मये गावात तर स्थलांतरित मालमत्तेच्या प्रश्नासाठी २०१४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. ज्याचे नाव उताऱ्यावर नाही, त्याला भाववाढीतही वाटा नाही. म्हणून कुळे व मुंडकार यांचे दावे निकाली काढणे ही नगररचनेची पूर्वअट मानली पाहिजे. नंतरचे कल्याणकार्य नव्हे.

नवी मुंबईचा दाखला येथे उपयोगी आहे. सिडकोची स्थापना १९७० ची. परंतु प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण १९८४ च्या जासई आंदोलनानंतरच आले, आणि त्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. पुढे नव्या विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात जमिनी एकत्र करून विकसित भूखंड मूळ मालकांकडे परत देण्याची योजना स्वीकारली गेली. अर्थात तीही मालकांपुरतीच. गोव्यात कुळांना वगळून ती जशीच्या तशी चालणार नाही.

उरला पाण्याचा मुद्दा, आणि खरे तर तोच पहिला. पेडण्याला पाणी पुरविणारा चांदेल प्रकल्प बऱ्याच अंशी तिळारीवर विसंबून आहे. ते धरण महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुक्यात आहे. गोवा त्यात भागीदार आहे. कालवा फुटला किंवा दुरुस्तीसाठी बंद झाला की नळ कोरडे पडतात. अशा वेळी अस्नोडा प्रकल्पाला डिचोली तालुक्यातील आमठाणे धरणाचा आधार मिळतो. त्या साठ्यावर आजच किती भार आहे, याचा हिशेब आराखड्याच्या पहिल्या पानावर असायला हवा.