दाट द्रवाची स्थिरता आणि प्रकाशाची साक्ष

सूत आणि रंग यांच्याशी सोलापूरचा संबंध हातमागाच्या काळापासूनचा आहे. १८७७ साली तेथे पहिली कापडगिरणी निघाली. पुढे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने या परिसरात वसविलेल्या वसाहतींपैकी मोहोळ तालुक्यातील चिंचोळीच्या वसाहतीत रसायनोद्योगही आला. रंग आणि रसायने यांच्या व्यवहारात एक जुना प्रश्न वारंवार उद्भवतो : द्रवात विखुरलेले सूक्ष्म कण किती काळ विखुरलेले राहतील?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. पक्क्या रंगाईचे व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाहीत. क्षपण होईपर्यंत ते कणरूपानेच पाण्यात तरंगत असतात. त्यांच्या गुठळ्या झाल्या, तर सुतावर ठिपके उमटतात. सोलापूरच्या कडक उन्हाळ्यात साठविलेल्या मालाविषयी ही चिंता अधिकच वाढते.

कण तळाशी बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हे स्टोक्सने १८५१ मध्ये दाखविले. परंतु तो नियम विस्तीर्ण द्रवातील एकट्या कणाचा होय. दाट मिश्रणात कण परस्परांना अडवितात. त्या अडथळ्याचे गणित रिचर्डसन व झाकी यांनी १९५४ मध्ये मांडले. प्रकाशाच्या अभ्यासातही हाच क्रम दिसतो. रॅलीचा १८७१ मधील सिद्धांत आणि मी याचा १९०८ मधील सिद्धांत, दोन्ही एकेका कणाने केलेल्या प्रकीर्णनाचे होत. म्हणून दाट नमुना मोजण्यापूर्वी तो विरल करावा लागे. पण विरल करताच कणांचे परस्परसंबंध बदलत आणि ज्याची परीक्षा करावयाची ती स्थितीच नाहीशी होई. परिणामी, नमुना बाटलीत भरून फळीवर ठेवणे आणि महिनोन्महिने डोळ्यांनी पाहणे, हाच मार्ग उरे.

या कोंडीतून वाट निघाली ती अनेकवार प्रकीर्णनाच्या विचारातून. रंगाच्या थरातून परतणाऱ्या प्रकाशाचे गणित कुबेल्का व मुंक यांनी १९३१ मध्ये केले होते. दाट द्रवात शिरलेला प्रकाश कणाकणांवर आपटत काही अंतरानंतर आपली मूळ दिशा पूर्णपणे गमावतो. हे अंतर कणांचा आकार व त्यांचे प्रमाण यांवर अवलंबून असते, आणि परतणाऱ्या प्रकाशाची तीव्रता त्याच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. या तत्त्वावर फ्रान्समधील तुलूझ येथे १९९० नंतरच्या दशकात टर्बिस्कॅन हे उपकरण तयार झाले. त्यात निकट-अवरक्त प्रकाश काचनळीच्या उंचीवरून फिरवितात आणि आरपार गेलेला व मागे परतलेला प्रकाश वेळोवेळी नोंदवितात. केवळ वरच्या वा खालच्या टोकाशी नोंद बदलली, तर कण स्थलांतर करीत आहेत. सर्व उंचीवर सारखीच बदलली, तर कणांचा आकार वाढत आहे, असे अनुमान निघते. डोळ्यांना फरक दिसण्याच्या पुष्कळ आधी तो येथे उमटतो.

तथापि या पद्धतीलाही मर्यादा आहे. काल वाचविण्यासाठी नमुना तापविला, तर नेहमीच्या साठवणीत न घडणारे बदलही घडू शकतात. म्हणून यंत्राच्या नोंदींची फळीवरील बाटलीशी तुलना अद्यापही करावी लागते. मात्र ज्या गढूळपणाला शास्त्रज्ञ दीर्घकाळ अडथळा मानीत आले, तोच आता मोजमापाचे साधन झाला आहे, आणि दाट द्रवाची परीक्षा तो दाट असतानाच करता येऊ लागली आहे.