बंधूची कानउघाडणी (ख्रिस्ती परंपरा)

चुकलेल्या श्रद्धाबांधवाला सौम्यपणे ताळ्यावर आणण्याची ख्रिस्ती रीत. मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय १८) तिच्या पायऱ्या आहेत: आधी एकांतात बोलावे, मग एकदोन साक्षीदार न्यावेत, मंडळीसमोर विषय त्यानंतरच मांडावा. चारचौघांत पाणउतारा करण्याची हौस इथे आपोआप आटोक्यात येते.

याचे उदाहरण नव्या करारात आहे. इफिस येथे अपुल्लोस हा फर्डा वक्ता सभास्थानात बोलत असे. पण ख्रिस्ती मार्गाची त्याची माहिती अपुरी होती: त्याला फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. तंबू शिवून पोट भरणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने भरसभेत त्याला टोकले नाही. त्याला आपल्याकडे नेऊन राहिलेले नीट समजावले. उलट अंत्युखियात प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला सर्वांदेखत सुनावले. तेव्हा सौम्यपणा म्हणजे गुळमुळीतपणा नव्हे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या स्केतिस वाळवंटात एका बंधूच्या अपराधाचा निवाडा करायला संन्यासी जमले. अब्बा (वडीलधारे संन्यासी) मोझेस आधी येईनातच. आले ते गळके भांडे पाठीशी घेऊन: आपली पापे अशीच मागे सांडताहेत, दिसत नाहीत, आणि दुसऱ्याचा न्याय करायला निघालो! आरोपीला क्षमा मिळाली.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी अशा कानउघाडणीला प्रेमाचे कर्तव्य ठरवले. बोलण्याने माणूस अधिकच बिघडेल असे दिसल्यास गप्प राहावे, ही सवलतही त्यांनी ठेवली.