परसबागेतील पक्षी आणि तारखेचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत 'कालनिर्णय'ची तीन वर्षांची पाने सापडली. आमच्यापैकी एकाच्या आई, म्हणून दुसरीच्या सासूबाई. त्यांच्या हातचे अक्षर. पानांवर दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची खूण, कुणाचे श्राद्ध, कुणाचे बारसे. आणि मध्येच पेन्सिलीने बारीक लिहिलेले : 'पावशा बोलला', 'धोबी आला', 'अंजिराच्या पानात शिंप्याचे घरटे'. साताऱ्यातल्या आमच्या घराच्या मागे दीड गुंठ्याची परसबाग आहे. या नोंदी त्या बागेच्या आहेत. अशी पाने निदान पंचवीस वर्षांची होती. उरलेली सगळी आम्हीच, आई गेल्यानंतरच्या वर्षी, इतर कागदांबरोबर रद्दीत घातली. त्या वेळी ती आम्हाला दुधाच्या हिशेबाची पाने वाटली होती.

प्रस्तुत लेखाला कारण ही पानेच आहेत. 'आपल्याकडे निसर्गनिरीक्षणाची लेखी परंपरा नाही. पक्षी आपल्या साहित्यात आले ते संकेत म्हणून' हे विधान आम्ही दोघांनीही वर्गात अनेक वर्षे केले आहे. चातक म्हणजे निष्ठा, ज्ञानदेवांच्या विरहिणीतला काऊ म्हणजे शकुन. विधान सर्वस्वी खोटे नाही. तथापि परंपरा नाही असे म्हणताना आपण ती कोठे शोधली, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नव्हता.

ज्या परंपरेशी तुलना करून आपण हे म्हणतो, तिच्या आरंभी एक बाग आहे. इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यातील सेलबोर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) हा धर्मोपदेशक राहत असे. १७५१ पासून तो बागेची दैनंदिनी लिहू लागला. प्रारंभी तीत काकड्या, खरबुजे, खताचे वाफे यांचीच नोंद असे. १७६८ पासून त्याला छापील रकान्यांची वही मिळाली. डेन्स बॅरिंग्टन या त्याच्या स्नेह्याने ती योजली होती : वारा, तापमान, पाऊस, कोणते झाड फुलले, कोणता पक्षी प्रथम दिसला, कोणता दिसेनासा झाला. ही वही व्हाइटने मरेपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे भरली. १७८९ च्या 'द नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबोर्न' या पत्ररूप ग्रंथाच्या मागे ही नीरस रकाने भरण्याची शिस्त उभी आहे. एकसारख्या दिसणाऱ्या ज्या पिटुकल्या वटवट्यांना लोक एकच पक्षी समजत, ते तीन वेगळे पक्षी आहेत हे त्याने मुख्यतः त्यांच्या गाण्यावरून ओळखले. रोज त्याच झाडाखाली उभे राहणाऱ्यालाच हे शक्य होते. त्याच कुळातले पर्णवटवटे दर हिवाळ्यात आमच्या आंब्यावरही असतात. ते हिरव्या पानांत दिसतच नाहीत, पण त्यांची 'टिस्-यिप' ऐकू येते.

व्हाइटची एक अडचण विशेष लक्षणीय आहे. पाकोळ्या हिवाळ्यात जातात कोठे? परदेशी जातात, की बिळात, भिंतींच्या फटीत निपचित पडून राहतात? स्थलांतराचे पुरावे त्याच्यापुढे होते, तरीही झोपेची शक्यता त्याने शेवटपर्यंत टाकली नाही. एकाच गावात राहणाऱ्या माणसाला 'दिसला' आणि 'दिसेनासा झाला' एवढेच लिहिता येते. 'आला' आणि 'गेला' ही विधाने कुंपणापलीकडची आहेत. या भेदाकडे आम्ही पुढे परत येणार आहोत.

महाराष्ट्रात पक्ष्यांची आधुनिक नोंद प्रथम बागेतून झाली नाही. ती बंदुकीतून झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील विल्यम हेन्री साइक्स याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने प्रसिद्ध केली. मेलेला, पेंढा भरलेला पक्षी हा तिचा आधार. त्याने दिलेली शास्त्रीय नावे मोठी मौजेची आहेत. आपल्या नेहमीच्या घारीला त्याने 'गोविंदा' म्हटले, एका चंडोलाला 'देवा'. आणि परसदारी टोळीने कचरा उलथणाऱ्या मोठ्या करड्या सातभाईला? 'माल्कमी'. म्हणजे १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या सर जॉन माल्कमच्या नावाने. ज्या पक्ष्यांना मराठीने त्यांच्या एकत्र राहण्यावरून भावंडांचे नाव दिले, त्यांना शास्त्राने एका साहेबाचे दिले.

पुढची पायरी आमच्याच गावाशी जोडलेली आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, 'ईएचए' या आद्याक्षरांनी लिहिणारा लेखक, याचा जन्म १८५१ मध्ये साताऱ्यात एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी झाला. मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात त्याने नोकरी केली. 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' (१८८३) या पुस्तकात त्याने बंगल्याभोवतीचे उंदीर, मुंग्या, कावळे, बेडूक यांच्यावर लिहिले. 'बागेतले पक्षी' अशा अर्थाचे एक प्रकरणही त्यात आहे. १९०० मध्ये त्याचे मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. त्याचा विनोद आजही टवटवीत आहे, हे कबूल केले पाहिजे. पण शीर्षकातले रूपक पाहावे : बंगला हे राज्य, आणि अंगणातले जीव म्हणजे सरहद्दीवरच्या टोळ्या. 'बिहाइंड द बंगलो' (१८८९) या दुसऱ्या पुस्तकात हीच गमतीची नजर बंगल्यातल्या नोकरांकडे वळली आहे. सातभाई आणि हमाल एकाच शैलीत पाहिले जावेत, हे आम्हाला त्या विनोदासकट खटकते.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. ईएचए त्यांतला एक होता. आठांपैकी दोघे आपले होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे एक संस्थापक आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे बंधू. एका भावाने भाषेचे नियम नोंदवले, दुसरा सृष्टीच्या नोंदी करणाऱ्या सभेत बसला. सभेचे नियतकालिक १८८६ मध्ये सुरू झाले ते इंग्रजीत. व्याकरणाचे घर आणि पक्ष्यांची नोंद एवढी जवळ येऊनही त्या नोंदीची भाषा मराठी झाली नाही, याची हळहळ वाटते.

मग मराठीत ऋतूची नोंद कोणत्या पंचांगाने झाली? दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) बारा मराठी महिन्यांच्या क्रमाने चालते. ते ललित लेखन म्हणून अजोड आहे. परंतु चांद्र महिना तारखेचे काम करीत नाही. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून अधिक मास घालावा लागतो. २०१७ मध्ये ज्येष्ठ २६ मे रोजी सुरू झाला. २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे निज ज्येष्ठ १४ जूनला. 'ज्येष्ठात पावशा ऐकला' या वाक्यावरून दोन वर्षांची तुलना केली तर पक्षी एकोणीस दिवस चुकला असे वाटेल. चुकलेला असेल महिना.

शेतकऱ्याने मात्र पाऊस महिन्याने मोजला नाही, नक्षत्राने मोजला. पावसाची नक्षत्रे सूर्याच्या स्थानावर अवलंबून असतात. रोहिणी २५ मेच्या आसपास, मृग ७-८ जूनला; ती दरवर्षी जवळपास तिथेच राहतात. 'पेरते व्हा' असे ज्याच्या ओरडण्यात मराठी कानाला ऐकू आले (त्याच ओरडण्यात हिंदीला 'पी कहाँ' आणि इंग्रजांना 'ब्रेन फीव्हर' ऐकू आले), तो पावशा नक्षत्राच्या भाषेत नोंदला गेला की त्याची तारीख तेरा-चौदा दिवसांच्या आत सांगता येते. आईंच्या तीन पानांवर 'रोहिणी' हा शब्द पावशाच्या नोंदीशेजारी आहे. तारखेची चौकट छापलेली असतानाही त्यांनी तो लिहिला.

आणि त्यांची क्रियापदे. पावशा 'बोलला', कोकिळा 'बोलली'. पण धोबी 'आला', थिरथिरा 'आला', चातक 'आला'. प्रथम आम्ही हे सहज वाचून गेलो. पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले की ही निवड तिन्ही वर्षांत एकदाही चुकलेली नाही. पावशा आणि कोकिळा आमच्या भागात वर्षभर असतात. थंडीत त्यांचा आवाज बंद असतो इतकेच. धोबी आणि थिरथिरा हिवाळ्यासाठी उत्तरेकडून येतात, चातक पावसाच्या तोंडाशी. व्हाइटला आयुष्यभर छळणारा भेद येथे दुधाच्या हिशेबाशेजारी दोन क्रियापदांत मांडलेला आहे. आईंना तो कोणी सांगितला, की त्यांनी स्वतः पाहून ठरवला, हे विचारायला आता कोणी नाही.

तीन वर्षांवरून पावशा पूर्वीपेक्षा लवकर बोलू लागला की उशिरा, हे ठरत नाही. तीन कवितांवरून कालखंड ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही जे ऐकवतो, ते येथे स्वतःला ऐकवले पाहिजे. इंग्लंडमधील नॉर्फोक परगण्यात रॉबर्ट मार्शम याने १७३६ मध्ये वसंताच्या खुणा नोंदवायला सुरुवात केली आणि त्याच्या वंशजांनी ते काम १९५८ पर्यंत चालवले. ऋतू सरकत आहेत का, हे अशा वह्यांवरून तपासता येते. आपल्याकडे २००७ मध्ये सुरू झालेल्या 'मायग्रंटवॉच'ने स्थलांतरी पक्षी प्रथम दिसल्याच्या तारखा सामान्य लोकांकडून मागवल्या. २०१३ पासून फेब्रुवारीत परसबागेतल्या पक्ष्यांची गणनाही होते. आमची पंचवीस वर्षांची पाने असती, तर एका परसबागेपुरते का होईना, काही हाती लागले असते. ती किलोने गेली.

आता स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आम्ही पेन्सिलीने लिहितो. गेल्या श्रावणात कुंपणाची मेंदी छाटताना शिंप्याचे घरटे आमच्याच कात्रीखाली गेले, तेही त्या दिवसाच्या चौकटीत आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाण्याच्या टाकीजवळ करडा धोबी शेपटी हलवत फिरताना आढळला. एकाचे म्हणणे, 'आला' लिहावे. दुसरीचे म्हणणे, आधीचे चार दिवस आपण परगावी होतो, तेव्हा तो कधी आला हे आपल्याला सांगता येणार नाही. चौकटीत 'दिसला' असे लिहिले आहे.