आईचा मॅरो का चालत नव्हता?

परवा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पुन्हा एक मेसेज आला. ल्युकेमियाचा पेशंट, बोन मॅरो द्यायला भावाबहिणीचा मॅच झाला नाही, कोणी डोनर आहे का? मला 2004 साल आठवलं. माझा मावसभाऊ. एकच बहीण, तिचा जुळला नाही. मावशी म्हणत होती, "माझा घ्या ना." डॉक्टरांनी सांगितलं, आईचा अर्धाच जुळतो, चालत नाही. तेव्हा ते खरंच होतं. आज नाही. मधल्या काळात काय झालं ते लिहितोय.

किडनी बदलली तर शरीर नव्या किडनीवर हल्ला करतं. मॅरोचं उलटं असतं. आपण आत सोडतो तीच मुळी दुसऱ्याची प्रतिकारशक्ती. तिला सगळं घरच परकं वाटतं आणि ती पेशंटची त्वचा, आतडी, लिव्हर यांच्यावर तुटून पडते. डॉक्टर याला जीव्हीएचडी म्हणतात. जुळणी जेवढी कमी तेवढा हा हल्ला भयंकर, म्हणून सगळी भिस्त सख्ख्या भावंडांवर. आणि एक भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता फक्त चारात एक!

सुरुवातीला हाताशी होतं मेथोट्रेक्सेट. (हे औषध ज्या लेडर्ले प्रयोगशाळेतून आलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. किती जणांना माहीत आहे?) मग नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळालं. 1986 मध्ये सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी दाखवलं की दोन्ही एकत्र दिली तर जास्त उपयोग होतो. पुढे कित्येक वर्षं हीच पद्धत. आपल्याकडे 1983 साली टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, पण जुळणाऱ्या दात्याची अट तीच राहिली.

खरी कलाटणी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मिळाली, तीही जुन्याच औषधाने. सायक्लोफॉस्फमाइड, पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसच्या कुळातलं. प्रत्यारोपणाच्या आधी जुना मॅरो मारायला ते देतच होते. यांनी ते नंतर दिलं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. ऐकायला वेडेपणा वाटतो, नवा मॅरो मरणार नाही का? नाही मरत. त्या दिवसांत हल्ला करायला निघालेल्या पेशी भराभर वाढत असतात, त्या सापडतात. मूळ पेशींकडे या औषधाचं विष उतरवणारं एन्झाइम असतं, त्या वाचतात. उंदरांवर हे आधीच दिसलं होतं. माणसांवरचे मोठे निकाल 2008 मध्ये आले आणि अर्ध्या जुळणीचे आई, बाप, मुलं दाते होऊ लागले.

2023 मध्ये तर जवळपास पूर्ण जुळणाऱ्या दात्यांवरही चाचणी झाली, 431 पेशंट. वर्षभरानंतर गंभीर जीव्हीएचडी नाही, कॅन्सर परतला नाही आणि पेशंट जिवंत आहे, असं नव्या पद्धतीत 53 टक्के, जुन्या पद्धतीत 35 टक्के.

औषध स्वस्त आहे, जादू नाही. इन्फेक्शनची भीती राहते, कॅन्सर परत येऊ शकतो, आणि प्रत्यारोपणाचा एकूण खर्च सामान्य माणसाचं कंबरडं मोडतोच.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: "डॉक्टरांना हाफ-मॅचबद्दल विचारलंत का? आईवडील, मुलं, सगळ्यांची टेस्ट करून घ्या."

मावशीला मात्र यातलं काही सांगितलेलं नाही. ती आता 78 वर्षांची आहे.