सर्व्हरच्या आधीचे दप्तर : तासगावकर पटवर्धनांच्या कारकुनांची कार्यपद्धती

पुण्यात सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर असलेल्या माझ्या एका मित्राने मध्यंतरी रात्री दोन वाजता एका चुकीच्या कमांडने चालू डेटाबेस पुसून टाकला. बॅकअप होता, पण तो त्याच सर्व्हरवर होता. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, "तुम्ही इतिहासवाले सुखी. तुमचे सगळे कागदावर." त्याला द्यायचे उत्तर लांबत गेले, म्हणून हा धागा.

तासगाव म्हटले की आज द्राक्षे, बेदाणे आणि गणपती मंदिराचे सात मजली गोपुर आठवते. हे मंदिर उभारणारे परशुरामभाऊ पटवर्धन हे पेशवाईच्या उत्तरार्धातील मोठे सेनानी. १७९०-९१ चा धारवाडचा वेढा, १७९५ ची खर्ड्याची लढाई आणि अखेर १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या रणात मृत्यू. ज्याचे आयुष्य छावणीत गेले, त्याचा कारभार चालायचा पत्रांवर. पटवर्धन घराण्याचे हे कागद मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने खंडाखंडाने छापले. आपण ते लढायांसाठी वाचतो. एकदा ते लिहिणाऱ्या कारकुनांसाठी वाचून पाहावेत.

प्रथम वेग. मोडी लिहिणारा आधी संपूर्ण ओळीची शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिला अक्षरे लटकवीत जाई. बोरू शक्य तितका कमी उचलायचा, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवायचा नाही. त्यावर संक्षेपांची जोड. 'राजश्री'चे 'रा॥', 'मुक्काम'चे 'मु॥', 'साष्टांग'चे 'सां॥'. आजचा प्रोग्रामर लांबलचक कमांडला दोन अक्षरांचे टोपणनाव देतो, तोच हा प्रकार. फरक एवढाच की 'रा॥' हे एका कारकुनाच्या मनचे नव्हते; तासगावात लिहिलेले पुण्यात अडखळल्याशिवाय वाचले जाई. स्वतःपुरती पाडलेली टोपणनावे सहा महिन्यांनी पाडणाऱ्यालाच उमगत नाहीत, ही माझ्या मित्राचीच कबुली आहे.

नंतर नोंद. आलेल्या पत्रावर ते पोहोचल्याची तारीख टाकत. तिला 'पैवस्ती' म्हणत. पत्र लिहिले कधी आणि हाती आले कधी, यांतले अंतर कळल्याशिवाय सरदाराने अमुक निर्णय उशिरा का घेतला हे सांगता येत नाही. बिघाड शोधणाऱ्या अभियंत्यालाही हेच दोन आकडे लागतात. जमाखर्चाची प्रत्येक बाब त्याच दिवशी रोजकीर्दीत चढे, मग खतावणीत खातेवार लागे. मात्र येथे कारकुनांचा एक दोष सांगितलाच पाहिजे. असंख्य खासगी पत्रांवर चंद्र आणि महिना आहे, वर्षच नाही! लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते. अशा पत्राचे साल ठरवण्यात संशोधकांच्या पिढ्या खपल्या आहेत. जेथे साल आहे तेथे ते बहुधा अरबी शब्दांत येते : 'समानीन मया व अलफ', म्हणजे ऐंशी, शंभर आणि हजार, म्हणजेच शुहूर सन ११८०, म्हणजे इ. स. १७७९-८०. आकड्याला एक फाटा ओढून तो बदलता येतो, शब्द तसा बदलत नाही. या पद्धतीचा हा लाभ मला फार मोलाचा वाटतो.

पत्र संपले की शेवटी 'मोर्तब सूद' किंवा 'लेखनसीमा' असा लहान शिक्का. त्यापुढे कोणी ओळ वाढवली तर ती उघडी पडे. कागदाला कागद जोडून लांब गुंडाळी केली असेल, तर सांध्यावर शिक्का; मधला तुकडा काढून दुसरा चिकटवता येऊ नये यासाठी.

अधिकारांचे म्हणाल तर महालाच्या मामलतदाराच्या हाती सर्व किल्ल्या कधीच दिलेल्या नसत. मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस हे दरकदार त्याच्यासोबत असत आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकार त्याला नसे. हिशेब एकाने लिहायचा, दुसऱ्याने तपासायचा, रोकड तिसऱ्याकडे. ज्या कंपनीत प्रत्येकाला रूट पासवर्ड ठाऊक असतो, तिथल्या मंडळींनी यावर थोडा विचार करावा.

आता बॅकअप. येथे जरा थांबू या, कारण कागदाच्या प्रतींवर पुढे माणसांच्या जमिनी ठरल्या.

इनाम दिले की सनद केवळ इनामदाराला देऊन भागत नसे. गावच्या मोकदमाला, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना आणि अंमलदाराला स्वतंत्र पत्रे जात. त्यांत ठरलेली सूचना असे : पत्राची 'तालीक', म्हणजे नक्कल, उतरून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी इनामदाराला परत द्यावे. म्हणजे एकाच व्यवहाराचा पुरावा गाव, परगणा आणि पुण्याचे हुजूर दप्तर अशा वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात राही. एक वाडा जळाला तरी सगळे जळत नसे.

याची परीक्षा पेशवाई बुडाल्यावर झाली. १८४३ मध्ये इंग्रजांनी दक्षिण मराठा मुलखात इनामांची चौकशी आरंभली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला पूर्ण अधिकार मिळाले. मधल्या काळात, १८४८ मध्ये, तासगावचे संस्थानही वारसाअभावी खालसा झाले. कमिशनपुढे उभ्या राहिलेल्या इनामदाराला पिढ्यान्‌पिढ्यांचा उपभोग सांगून चालेना, कागद दाखवावा लागे. आणि तो कागद पुण्याच्या पेशवे दप्तराशी ताडून पाहिला जाई. दप्तरात नोंद सापडली तर निभावले. बनावट सनद याच नोंदींमुळे पकडली जाई, आणि ज्याचे कागद वाळवीने खाल्ले होते त्याला दप्तरातल्या नोंदीचाच आधार. अनेकांची इनामे गेली. नक्कल दुसऱ्या ठिकाणी असणे ही त्या घरांसाठी उद्याच्या भाकरीची बाब होती.

हे कसब लिखित स्वरूपात शिकवलेलेही आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. कडेने जागा मोकळी सोडा, कागद झिजला तरी अक्षर झिजू नये. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एकाच हाताचे वळण राहू द्या. तरुणपणी फार बारीक लिहाल तर म्हातारपणी ते उपयोगी पडणार नाही. इतका व्यवहारी उपदेश संतवाङ्मयात सापडतो याचे मला अजूनही नवल वाटते. कोड लिहिणाऱ्याने हा समास वाचावाच.

मित्राला हे सारे एका रविवारी सांगितले. त्याने ऐकून घेतले, बॅकअप दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर हलवला आणि दिवसभरात केलेले प्रत्येक काम वेळेसह लिहून ठेवण्यासाठी एक फाइल उघडली. फाइलचे नाव 'रोजकीर्द' आहे. वर्षही घालतो.